मातीकामावरची पलटण

युद्ध ही खर्चिक बाब असते, हे शाळेत शिकलो होतो. पण संपून दीडशेहून जास्त वर्षं झालेलं युद्धही तितकंच खर्चिक असतं, हे आमच्या भाचेजावयांचं तळघर पाहिल्यावर कळलं. हा साताऱ्याचा मुलगा अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो, सोमवार ते शुक्रवार संगणकापुढे बसतो आणि शनिवारी १८६४ सालात जातो. तिकडे जायला लागणारं सामान तळघरात ओळीने मांडलेलं असतं. एनफिल्ड बंदुकीची हुबेहूब नक्कल, किंमत हजार डॉलरच्या घरात. जाड लोकरीचा गडद निळा कोट आणि आकाशी विजार, जी व्हर्जिनियाच्या जुलैत घालायची म्हणजे शत्रूची गरजच नको. कातड्याची काडतूसपेटी, टिनचा पाण्याचा चंबू, आणि हार्डटॅक नावाचं एक चौकोनी बिस्कीट. हे बिस्कीट मी चावून पाहिलं. ते खाऊन ज्यांनी चार वर्षं युद्ध केलं, त्यांच्या शौर्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

भाची म्हणाली, “मामा, स्वतःच्या लग्नात सूट शिवायला कुरकुर केली होती ह्याने. आता कोटाच्या काजांचे टाके मोजतो.”

टाके मोजावेच लागतात, कारण जुन्या लढाया पोशाखासह पुन्हा खेळणाऱ्या या रीएनॅक्टर मंडळींत कडक जातिव्यवस्था आहे. मनगटावर घड्याळ राहिलं, काज मशिनवर शिवलं, चष्म्याची काडी प्लॅस्टिकची निघाली, की तुम्ही ‘फार्ब’. यापेक्षा वाईट शिवी त्यांच्याकडे नाही. दुसऱ्या टोकाला अस्सलपणाचे सोवळे पाळणारे. टोनी हॉर्विट्झ या पत्रकाराने १९९८ च्या आपल्या पुस्तकात यांची जगाला ओळख करून दिली. हे लोक थंडीत उघड्यावर एकमेकांना चिकटून झोपतात आणि पितळी बटणांना जुनेपणा यावा म्हणून ती लघवीत भिजत घालतात. आमच्या भाचीने बटणांच्या बाबतीत घरात स्पष्ट मनाई केलेली आहे, त्यामुळे जावईबापूंची बटणं अजून चकाकतात आणि पलटणीत त्यांना थोडं खाली बघावं लागतं.

“मामा, ह्या शनिवारी लढाई नाही. मातीकाम आहे. येता?”

लढाई म्हणाले असते तर मी गुडघ्यांचं कारण सांगितलं असतं. पण मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. हयात मातीकामात गेली. पाझर तलाव, रस्त्यांचे भराव, दुष्काळात काढलेली रोजगार हमीची कामं. खोदाई किती, भराव किती, माती किती लांबून आणली आणि किती उंच चढवली हे मोजमाप पुस्तकात लिहायचं, आणि मुकादमाने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्यामुळे इतिहासाकडे बघायची माझी एक वाकडी सवय आहे. पानिपतावर आपल्याकडे एवढं लिहिलं गेलं, सदाशिवरावभाऊंच्या छावणीभोवती खंदक खणला होता हेही लिहिलं गेलं. पण त्यातून किती ब्रास माती निघाली, ती कुणी उपसली, दुपारी त्यांना पाणी कुणी दिलं, हे कुणी सांगत नाही. तलवार उपसायच्या आधी कुणीतरी घमेलं उचललेलं असतं आणि त्याची हजेरी कुठेच लागलेली नसते, असं माझं मत होतं.

व्हर्जिनिया हे या मताच्या तपासणीसाठी उत्तम ठिकाण. अमेरिकेच्या यादवी युद्धात पीटर्सबर्ग शहरापुढे उत्तरेचे ग्रँट आणि दक्षिणेचे ली यांची सैन्यं जून १८६४ पासून एप्रिल १८६५ पर्यंत, साडेनऊ महिने, एकमेकांसमोर मातीत शिरून बसली होती. मोर्चांची लांबी तीस मैलांच्या वर. सिनेमात दिसणारा हल्ला, झेंडा, घोडा वगैरे प्रकार अधूनमधून होत. बाकी वेळ खोदाई आणि भराव. गंमत म्हणजे दोन्हीकडचे इंजिनियर एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात डेनिस हार्ट मॅहॅन नावाचे प्राध्यापक होते. १८३६ साली त्यांनी मैदानी तटबंदीवर पुस्तक काढलं. साहजिकच समोरासमोरचे मोर्चे असे निघाले, की पेपर तपासणाऱ्याने दोघांनाही कॉपीसाठी उभं केलं असतं.

सैनिकांना मात्र हे काम मुळीच आवडत नव्हतं. जून १८६२ मध्ये ली साहेबांनी रिचमंडभोवती मोर्चे खणायला लावले, तेव्हा दक्षिणेच्या मर्दांनी त्यांना ‘फावड्यांचा राजा’ अशी पदवी दिली. गोऱ्या मर्दाने लढावं, माती उपसणं हे त्याचं काम नव्हे, असा एकूण सूर. दोन वर्षांत हा सूर पार बदलला. १८६४ मध्ये मुक्काम पडला की हुकमाची वाट न बघता माणसं संगिनीने, टिनच्या ताटलीने, मगाने, हाताला लागेल त्याने उकरायला बसत. मर्दपणाची व्याख्या बदलायला समोरून येणाऱ्या गोळीसारखं साधन नाही.

याच पीटर्सबर्गला एका कामाची फाइल अशी आहे, की ती वाचून आमच्या खात्यातल्या कुणालाही गहिवरून यावं. उत्तरेच्या सैन्यातल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका पलटणीत कोळशाच्या खाणीतले कामगार बरेच होते. त्यांचे लेफ्टनंट कर्नल हेन्री प्लेझन्ट्स म्हणाले, शत्रूच्या मोर्चाखाली बोगदा खणतो. वरिष्ठ इंजिनियरांनी सांगितलं की एवढा लांब बोगदा होतच नाही, आत हवा पोचणार नाही. आणि होत नसल्यामुळे अवजारं द्यायचं कारण नाही. मोजणीचं यंत्रही दिलं नाही. प्लेझन्ट्सनी जुनं यंत्र दुसरीकडून मिळवलं, आत विस्तव पेटवून गरम हवा धुराड्यातून वर काढली, लाकडी नळीतून ताजी हवा आत घेतली आणि ५११ फूट बोगदा पुरा केला. ३० जुलै १८६४ ला पहाटे आठ हजार पौंड दारू उडाली. साधारण १७० फूट लांब आणि ३० फूट खोल खड्डा पडला. मग उत्तरेचे सैनिक त्या खड्ड्याला वळसा घालून पुढे जायचे, ते खड्ड्यात उतरले. वर शत्रू, खाली हे. हल्ल्याचं नेतृत्व करायचे ते जनरल लेडली मागे सुरक्षित आडोशाला रम पीत बसले होते. खड्डा पाडण्याचं नियोजन चोख, खड्ड्याचं पुढे काय करायचं त्याचं नाही. मी अशी कामं पाहिलेली आहेत. फक्त त्यांत दारूगोळा नव्हता.

त्या विवराचं पुढचं चरित्र तर त्याहून रसाळ. जमिनीचा मालक तिकीट लावून खड्डा दाखवत असे. १९०३ मध्ये दक्षिणेच्या म्हाताऱ्या सैनिकांनी ती लढाई त्याच जागी पुन्हा खेळून दाखवली, म्हणजे या छंदाचे आद्य प्रवर्तक स्वतः लढलेले होते आणि त्यांना फार्ब म्हणायची कुणाची टाप नव्हती. १९२०च्या दशकात तिथे गोल्फचं मैदान झालं. एवढा खड्डा आयता मिळतोय म्हटल्यावर कुणाला मोह होणार नाही? शेवटी १९३० च्या दशकात जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेली. सगळ्यांचं नशीब एवढं बलवत्तर नव्हतं. उत्तरेचा फोर्ट सेडविक, ज्याला सैनिक ‘फोर्ट हेल’ म्हणत, नऊ महिने तोफांचा मारा खाऊन उभा राहिला आणि १९६० च्या दशकात दुकानांसाठी सपाट झाला. बुलडोझरपुढे मॅहॅन मास्तरांचाही इलाज चालत नाही.

तर शनिवार. उद्यानाचं नाव सांगत नाही, कारण पुढे एका कुटुंबाचा उल्लेख आहे. सकाळी उत्तरेची निळी पलटण आणि दक्षिणेची करडी पलटण अशा दोन्ही बाजू गाड्या लावून उतरल्या. आधी हजेरी, मग ‘मला काही झालं तर सरकार जबाबदार नाही’ या अर्थाचा कागद. १८६४ च्या सैनिकाला एवढी सोय नव्हती. मग उद्यानाच्या रेंजरबाई जुन्या तटबंदीच्या टेकाडापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी नियम सांगितले.

पहिला नियम सगळ्यांना पाठ होता. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत लढाई खेळायची नाही, एकमेकांवर बार काढायचे नाहीत आणि मेल्याचं सोंग करून पडायचं नाही. १९६१ मध्ये मनॅससच्या लढाईची शताब्दी म्हणून हजारोंनी तिथे लढाई खेळली. त्या गोंधळानंतर खात्याने या प्रकाराचा धसकाच घेतला. थोडक्यात, सरकारी जागेत मरायची परवानगी नाही. आपल्याकडची सरकारी कार्यालयं या बाबतीत फार उदार आहेत.

दुसरा नियम ऐकून मात्र शूरांचे चेहरे उतरले. मूळ तटबंदीवर पाय ठेवायचा नाही. फावडं नाही, कुदळ नाही, लोखंडी दाताळं नाही. केंद्र सरकारच्या जागेत परवानगीशिवाय उकरणं हा १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याने गुन्हा. झाड कापलं तर बुंधा आणि मुळं तशीच राहू द्यायची, कारण माती मुळांनी धरलेली असते. ओंडका ओढत न्यायचा नाही, उचलून न्यायचा. जंगलातल्या भागात पाचोळा झाडायचा नाही, पावसाच्या थेंबापासून तोच मातीला वाचवतो. उघड्या भागात गवत वाढू द्यायचं.

मी सत्तरीचा माणूस, पण मला टाळी वाजवावीशी वाटली. धुम्मस न केलेला, उतार नीट न काढलेला भराव दीडशे पावसाळ्यांनंतर उभा आहे. तो गवताने आणि पाचोळ्याने ठेवलाय. ज्यांनी तो घातला त्यांनी वर्षभराच्या वर टिकावा असा विचारही केला नसेल. आमच्या काळातले काही भराव उद्‌घाटनाची फीत कापल्यावर खचले, त्यांची नावं घेत नाही.

त्या मातीचे शत्रू तीन. वादळात उन्मळणारं झाड. ते पडताना मुळांबरोबर अर्धा बुरूज उपटून घेतं. ग्राउंडहॉग नावाचा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. त्याला बिळासाठी उंच, कोरडी, भुसभुशीत जागा हवी असते आणि सैन्याच्या इंजिनियरांनी नेमकी तीच सोय करून ठेवलेली आहे. आणि तिसरा माणूस, जो टेकाड दिसलं की चढतोच. चढणाऱ्यांनी पाडलेली पायवाट हा पावसाला दिलेला रस्ता. म्हणून तिथे बाहेरून आणलेली माती घालायची, वर गवत पेरायचं, काटक्या आडव्या टाकायच्या. ती माती आमच्या पलटणीने बादल्यांनी वाहिली. कॅप्टनसाहेब, जे एरवी दातांचे डॉक्टर आहेत, तलवार लटकवून मुकादमी करत होते. तलवार दर चार पावलांनी पायात येत होती.

खरी चकमक झाली ती नारिंगी जाकिटांवरून. लाकूड कापणाऱ्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने चमकतं जाकीट आणि शिरस्त्राण घालायचंच, असं रेंजरबाई म्हणाल्या. बटणं मुरवणाऱ्यांपैकी एक दाढीवाले गृहस्थ म्हणाले, १८६४ मध्ये नारिंगी रंग असा नव्हता. बाई म्हणाल्या, हे यंत्रही नव्हतं. गृहस्थांनी बराच वेळ विचार केला आणि कुऱ्हाड मागितली. कुऱ्हाडीलाही जाकीट लागतं म्हटल्यावर ते जेवणाच्या तयारीकडे गेले. तिथे त्यांनी मिठातलं डुकराचं मांस इतकं अस्सल शिजवलं, की सगळ्यांनी सँडविच मागवली.

दुपारी आम्हाला खोदायला मिळालं. मूळ तटापासून अंतर राखून एक नवा नमुना बांधलेला आहे, १८६४ मध्ये मोर्चा कसा दिसत होता ते लोकांना कळावं म्हणून. तिथे खंदक, बांध, आत उभं राहून गोळी झाडायची पायरी, पुढे टोकं तासून शत्रूकडे वळवलेल्या फांद्यांचं कुंपण असं सगळं. भिंत ढासळू नये म्हणून गॅबियन लावतात. गॅबियन म्हणजे बिनबुडाची कणगी: तीनेक फूट उंच, दोनेक फूट रुंद, ओल्या फोकांनी विणलेली. जागेवर उभी करायची आणि मातीने भरायची. पलटणीतले दोघे सकाळपासून एक विणत होते आणि वीण काही केल्या बसत नव्हती. मी खुंट मोजले. आठ. एका फोकाची वीण घालायची तर खुंट विषम हवेत, नाहीतर दुसऱ्या फेऱ्याला फोक पुन्हा त्याच बाजूने जातो. गावाकडच्या बुरुडाचं हे ज्ञान मी इंग्रजीत दिलं. नववा खुंट लागला, वीण बसली, आणि मला मानद कॉर्पोरल करण्यात आलं. जावईबापूंना तीन वर्षांत ही बढती मिळालेली नाही. “दिवाळीचा किल्ला मीही करायचो, मामा,” ते जरा पडेल आवाजात म्हणाले. मी म्हटलं, “तो आळीतल्या पोरांनी केलेला. तुम्ही चित्रं मांडायचा, तुमच्या आईंनी सांगितलंय मला.”

जेवताना लक्षात आलं, सकाळी करड्या कोटात बघितलेला एक तरुण आता निळ्यात होता. कळलं की एका बाजूला माणसं कमी पडली की दुसरीकडचे काही जण कोट बदलतात, गाडीत दोन्ही पोशाख ठेवूनच निघतात, आणि याबद्दल कुणी कुणाला गद्दार म्हणत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल एवढंच की कोट बदलून मिळतं काय, तर दुसऱ्या बाजूची बादली.

एकाच माणसाकडून दोघांचं काम करून घेणं ही या भागातली जुनी परंपरा आहे. तिथून गाडीने तास-दीड तासावर यॉर्कटाउन. १८६२ च्या वसंतात दक्षिणेचे जनरल मॅग्रूडर तिथे थोड्या सैन्यानिशी बसले होते. त्यांना नाटकांचा षोक. त्यांनी तीच माणसं झाडीतून पुन्हा पुन्हा फिरवून आणली, म्हणजे समोरच्याला वाटावं फौजच फौज येतेय. समोर मॅक्लेलन; ते बिचकून महिनाभर वेढा घालून बसले. आणि मॅग्रूडर ज्या मातीत बसले होते तिच्यात १७८१ चे ब्रिटिशांचे बुरूज होते. त्या साली कॉर्नवॉलिसने याच जागी वॉशिंग्टनपुढे शरणागती पत्करली. वॉशिंग्टनने नंतर स्वतःच्या बाजूचे मोर्चे बुजवून टाकले, पुन्हा कुणाला उपयोग नको म्हणून. कॉर्नवॉलिस मात्र वेढ्याचा धडा घेऊन हिंदुस्थानात आले असावेत: १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला वेढा पडला, तेव्हा ते वेढा घालणाऱ्यांत होते, आणि त्यांच्या जोडीला मराठ्यांकडून हरिपंत फडके. मी हे जेवताना सांगितलं. दाढीवाल्या गृहस्थांनी लगेच विचारलं, मराठ्यांच्या कोटाला बटणं कुठली असत?

बोलता बोलता कुणीतरी सहज म्हणालं, आपल्या पूर्वजांनी काय मेहनत केली असेल! रेंजरबाई कृष्णवर्णीय आहेत. त्यांनी डबा मिटला आणि विचारलं, कुणाच्या पूर्वजांनी?

पीटर्सबर्गभोवतीची पहिली दहा मैलांची तटबंदी, डिमॉक लाइन, १८६२-६३ मध्ये उभी राहिली ती मुख्यतः गुलामांच्या श्रमावर. फेब्रुवारी १८६४ च्या कायद्याने दक्षिणेच्या सरकारला वीस हजार गुलाम कामाला जुंपायची मुभा मिळाली. उत्तरेकडेही फावडं आधी कृष्णवर्णीय पलटणींच्या हाती जायचं. जेम्स नदीवर डच गॅपचा कालवा त्यांनी तोफांच्या माऱ्याखाली खणला. आणि मी म्हणत होतो ती हजेरी, ती आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दक्षिणेच्या सरकारचे गुलामांचे हजेरीपट ठेवलेले आहेत. खणणाऱ्याचं नाव, कामाचे दिवस, दर, रक्कम. आणि सही पैसे घेणाऱ्या मालकाची. मी आयुष्यात खोटे हजेरीपट पकडले आहेत. त्यांत सही असते आणि माणूस नसतो. इथे माणूस खरा, दिवस खरे, घमेली खरी. पैसे तेवढे दुसऱ्याच्या खिशात. इतक्या अस्सल मंडळींत या खणणाऱ्यांचा वेश करून कुणी आलेलं नव्हतं. करडे कोटवाले बराच वेळ आपापल्या मगात बघत होते. मग एकाने काही न बोलता कोट काढून ठेवला आणि बादल्या उचलल्या. ते चांगलं केलं. ऊनही फार होतं.

चारच्या सुमाराला नव्या नमुन्याचं काम संपत आलं. कणग्या भरल्या, पायरी झाली, बांधाला कडक धार आली. मी उतार डोळ्यानेच मोजला. बिल मंजूर केलं असतं. शेजारी मूळ तट हिरव्या गवताखाली असा आडवा पसरलेला, की सांगितल्याशिवाय कुणाला तो उंचवटाच वाटावा. तेवढ्यात एक कुटुंब आलं. नवा बुरूज बघून ते हरखले. असा जुना मोर्चा आपण पाहिला नाही म्हणाले. सगळा बुरूज फोटोत मावेना. म्हणून वडील, आई, दोन मुलं आणि एक कुत्रा मागे मागे सरकत खऱ्याखुऱ्या १८६४ च्या तटावर चढले, आणि मोठ्या मुलाने ताज्या भरलेल्या पायवाटेवर बूड टेकून घसरगुंडी केली.

सर्वांत आधी दाढीवाल्यांनी किंकाळी फोडली. मग निळे धावले, करडे धावले, निळ्यातले करडे आणि करड्यातले निळे धावले; दातांचे डॉक्टर तलवार हातात धरून धावले; मानद कॉर्पोरल गुडघे विसरून धावला. शंभर यार्ड उघड्या मैदानावरून, ओरडत, दोन्ही सैन्यं एका बाजूने. कुत्र्याने आघाडी सोडून पळ काढला. वडिलांनी फोन वर धरला आणि पोरांना म्हणाले, “बघा, शो सुरू झाला.”

मागून रेंजरबाईंचा कर्णा ऐकू आला: “धावू नका! तिथे आत्ताच गवत पेरलंय!”